रुमालाचं फूल

"एकसुद्धा नाही," मोहिरा म्हणाली आणि फुलांच्या पुढे पाय रोवून उभी राहिली.

तिच्या मागे, वितळत्या बर्फाच्या कडेला, बोयचेचकची अकरा पिवळी फुलं उमलली होती. समोर नवऱ्याचा अमाक, म्हणजे काका, सैफुल्लो हातातल्या लोखंडी सळईचं टोक दगडावर टकटक आपटत होता. सळईने कंदासकट फुलं उपटायची, पोरांनी ती गाणी म्हणत दारोदार मिरवायची, लोकांनी डोळ्यांना लावून पोरांच्या झोळीत अक्रोड-मनुका टाकायच्या, की देहबोलो गावात वसंत आला. पहिलं दार नेहमी गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचं. गेली बारा वर्षं ते दार हिकमत बोबोंचं होतं. बोबो म्हणजे सैफुल्लोचे वडील. मोहिरा त्यांची नातसून.

"अगं, तुझ्या शाळेतल्या पोरांना दटाव, मला कशाला दटावतेस?" सैफुल्लो वैतागला. "अख्खा हिवाळा बाबा खोकत होते. पुढचा वसंत बघतील याची खात्री कोण देणार? तू? पाच वर्षं माझ्या बापाच्या हातात चिंध्या दिल्यास. आता खरं फूल आलंय, तरी चिंधीच?"

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं.

पाच वर्षांपूर्वी या उतारावर तिने मोजून तीन फुलं पाहिली होती. एके काळी इथे पाय ठेवायला जागा नसे. पिढ्यान् पिढ्या उपटून गावाने डोंगर ओरबाडून काढला होता. मोहिरा घरोघर फिरली. बी पडल्यापासून फूल यायला चार-पाच वर्षं लागतात, तेवढी कळ काढा, असं प्रत्येकाच्या हातापाया पडून सांगितलं. "मग सण काय दगड फिरवून करायचा?" बायका हसल्या. तेव्हा तिने घरातल्या पेटीतून एक जुना पिवळा रेशमी रुमाल काढला, त्याची फुलं शिवली आणि हाताला गार लागावीत म्हणून बर्फात बुडवली.

सैफुल्लो तेव्हा एवढंच म्हणाला होता, "बोबो ज्याला फूल म्हणतील ते फूल. नाही म्हणाले, तर त्याच पावली पोरांना घेऊन मी डोंगरावर."

बोबोंची नजर तोवर गेलीच होती. त्यांनी रुमालाचं फूल आधी एका डोळ्याला लावलं, मग दुसऱ्याला, आणि दुवा दिली. गावाची दारं उघडली. असे पाच वसंत गेले. मोहिरा एरवी कुणाशी खोटं बोलत नसे. बोलली ती फक्त या माणसाशी, ज्याने तिला लेकीसारखं वागवलं होतं. दरवर्षी त्यांची दुवा घेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"एकच फूल, सूनबाई," सैफुल्लोचा आवाज उतरला. "वडिलांसाठी."

"आज बोबोंना एक दिलं, तर उद्या तुमच्या मेहुण्याच्या आईला एक. दहा दारांत पुन्हा डोंगर साफ. नाही, अमाक. फूल खाली जाणार नाही."

"मग?"

"बोबो वर येतील."

"डोकं फिरलंय तुझं! या वाटेवर? वाटेत काही झालं, तर गाव तुला दारात उभं करणार नाही."

"ठाऊक आहे मला," मोहिरा म्हणाली आणि गाढव आणायला खाली गेली.

वाट तासाभराची होती, लागले तीन तास. बोबो दोन रजयांत गुंडाळलेले, मोहिरा लगाम धरून पुढे. सैफुल्लो शिव्या घालत मागून एका हाताने बापाच्या पाठीला आधार देत होता, दुसऱ्या हातात ती सळई. दोनदा बोबोंना खोकल्याची उबळ आली. दोन्ही वेळा तिने गाढव थांबवलं. दोन्ही वेळा बोबो म्हणाले, "थांबलीस कशाला?"

वर पोचल्यावर त्यांनी स्वतःच गुडघे टेकले. मोहिराने त्यांचा हात धरून एका फुलाशी नेला.

"जपून हं, बोबो. उपटायचं नाही."

"आता तू मला शिकव!"

म्हाताऱ्याने चिखलात कोपरं रोवली, मान खाली घातली आणि एक डोळा फुलाला टेकवला, मग दुसरा. बराच वेळ ते तसेच राहिले. दाढीला चिखल लागला. मोहिराला रडू आवरेना.

"बोबो, मला माफ करा," ती म्हणाली. "पाच वर्षं तुम्हाला दिली ती फुलं खरी नव्हती."

"ठाऊक आहे. ओयदिनच्या रुमालाची होती." ओयदिन म्हणजे त्यांची गेलेली बायको. "पन्नास वर्षं तिने तो डोक्याला बांधला. त्याचा पोत मला कळणार नाही होय?"

सैफुल्लो पुढे सरसावला. "मग बोलला का नाहीत, बाबा? दरवर्षी तोंडभर दुवा देत बसलात!"

बोबोंनी फुलावरून मान न उचलता उत्तर दिलं, "तू दरवर्षी दारातच उभा असायचास ना, बाळा. तुझी ती सळई उंबऱ्यावर टकटक वाजत असायची."