संत्र्याच्या रसातलं औषध

शनिवारच्या शांत सकाळी परदेशातल्या पिस्कॅटवे गावच्या एका छोट्याशा अपार्टमेंटमध्ये काचेच्या ग्लासात चमचा किणकिणला. शुभा संत्र्याच्या रसात ओवीचं औषध ढवळत होती. तेलकट थेंब फुटत फुटत इतके बारीक झाले की डोळ्यांना दिसेनासेच झाले. खिडकीतल्या उन्हात नुसता केशरी रस तेवढा डुलत राहिला.

"ईऽऽ, स्मेल येतो!" सहा वर्षांच्या ओवीने नाक दाबलं.

"डोळे मीट आणि गटागटा पी, राणी."

"रोज रोज का पण?"

"तुझ्या पोटात नवी किडनी बसवलीय ना, तिला तुझं अंग स्ट्रेंजर समजतं, हाकलून द्यायला बघतं. मग हे इवले इवले थेंब गुपचूप आत शिरतात आणि त्याला समजावतात, अरे, भांडू नकोस, राहू दे तिला."

ओवीने ग्लास रिकामा केला. काचेला चिकटलेलं औषधही शुभाने घोटभर रसात खंगाळून तिला पाजलं. ओठांवरची केशरी मिशी पुसत ओवी आईच्या कुशीत शिरली.

"पण आई, ती किडनी तर तुझी आहे. मग माझ्या बॉडीला तू स्ट्रेंजर का वाटतेस?"