खरात मुकादमांचं खुणेचं नाव

ज्यांनी हा नियम काढला त्यांना अंतराळात कधी ओकारी आलेली नाही, कारण ते खाली पृथ्वीवरच्या खुर्चीतून कधी उठलेच नाहीत. नियम असा, की कक्षेतल्या बांधकामावरच्या प्रत्येक बहिऱ्या कामगाराने नवा कान बसवून घ्यायचा, नाहीतर नोकरी सोडायची.

तानूबाई इथली सगळ्यात तयार वेल्डर. तिच्या बहिऱ्या कानातलं तोल सांभाळणारं इंद्रियही जन्मापासून मेलेलं, म्हणून तिला इथे कधी गरगरलं नाही. ऐकू येणारे मात्र ओकून पिशव्या भरत. बहिऱ्यांच्या रीतीप्रमाणे तिने खरात मुकादमांना खुणेचं नाव दिलं होतं: तोंडापासून पुढे उडणारी पाच बोटं.

"आता तरी नाव बदल गं," खरात हातांनीच म्हणाले.

"आधी ओकणं थांबवा, दादा," तिचे हात उत्तरले.

खरातांनी हसतच पडद्यावर खालच्या साहेबांशी संपर्क जोडून दिला. तानूबाईने दिवा लुकलुकवून सगळ्यांचं लक्ष वेधलं. तिचे हात बोलले, तसं खरात मोठ्याने सांगत गेले.

"नव्या कानाबरोबर तोल येणार, आणि तोलाबरोबर ऐकणाऱ्यांची ओकारीही. मग या तुळया जोडायला तुमच्यातलं कोण वर येतंय, साहेब? नाव सांगा. खूण मी ठरवूनच ठेवलीय."