पिंडाला कोणी शिवेना

अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळावर कावळे नसल्यामुळे दहाव्याच्या पिंडाला मातीतले जीवाणू शिवत. त्यांनी भात खायला घेतला, की मातीचा श्वास मोजणाऱ्या यंत्राचा काटा हले आणि मंडळी चहाला जात.

टिपणीस सरांच्या पिंडाला मात्र सकाळपासून कोणी शिवेना. इथल्या उपाशी, गोठलेल्या मातीला सरांनी एकतीस वर्षं चमच्याने साखरपाणी पाजलं होतं. आता त्यांची राखही त्याच मातीत, यंत्र जोडलेल्या एका बरणीत होती आणि वर पिंड.

"सर, तुमचा प्रबंध मी पुरा करीन," त्यांची सहायक शर्वरी म्हणाली. काटा शून्यावर.

"तुमच्या जावयाशी मी बोलेन," स्वयंपाकी भिकाजीकाका म्हणाले. शून्य. "पोरी, चकलीचं बोलून बघ."

"बोलले, काका. भाजणीची, लोणी घालून, सगळं बोलले."

बाहेर जहाजाचा भोंगा वाजला. तळ आज कायमचा बंद होत होता, आणि पिंडाला शिवल्याशिवाय निघायचं नाही हा रिवाज सरांनीच पाडलेला. घरी शर्वरीची मुलगी दोन वर्षं वाट बघत होती.

"अहो, मग हवंय तरी काय?" ती वैतागली. "उद्यापासून या मातीला साखरपाणी कोण पाजणार, मी?"

काटा टुणकन उडाला. मागोमाग फळीवरच्या, सरांच्या आधी गेलेल्यांच्या सहाही बरण्यांचे काटे उठले.

"मी नुसतं विचारलं! हो म्हटलं नाही!" शर्वरी ओरडली.

काटे खाली येईनात. काकांनी टोपी काढली आणि चमचा तिच्या हातात दिला.

"साखर डावीकडच्या डब्यात आहे," असं म्हणून ते जहाजाकडे निघाले.