टाचणी

“हाताला मुंग्या येतात? बधिर होतो?”

“छे!” तपासणाऱ्या बाईचा प्रश्न पुरता संपायच्या आत क्रेनवाल्याने उत्तर दिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याची बायको खाली मान घालून बसली. सकाळीच त्याच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला होता, आणि हा पठ्ठ्या कपालाच शिव्या देत बसला होता.

दोनदा कटकन मान मोडून घ्यायची आणि सुटायचं, असा त्याचा बेत होता. पण ही मणक्यांवर उपचार करणारी कायरोप्रॅक्टर बाई मान मोडायचं नावच घेईना. तिने त्याला चालवलं, वाकवलं, टाचांवर उभं केलं, छोट्या हातोडीने कोपरांवर ठोकून पाहिलं. मणक्यांवरून फिरणारा तिचा अंगठा मानेच्या तळाशी थांबला. जरा जास्तच वेळ थांबला.

“सोमवारी कामावर जायचंय बाई,” तो म्हणाला. “पस्तीस मजले वर बसतो मी. खाली माझाच धाकटा भाऊ असतो, आकडा अडकवायला.”

“म्हणूनच नीट बघते. आता डोळे मिटा. टाचणी लागली की ‘हो’ म्हणायचं.”

त्याने डोळे मिटले. खरं सांगितलं तर केबिनमधून खाली उतरवतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं वर बसलेल्या माणसाला जमिनीवर कोण विचारतो?

डावा हात झाला. बाई अगदी एका लयीत टोचत होती, आणि क्रेनवाला काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. उजव्या हातावरही त्याचे ‘हो’ बरोबर वेळेवर पडू लागले. अंगठा. हो. शेजारचं बोट. हो. बायकोला हायसं वाटलं. आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला, असं मनाशी म्हणत तिने मान वर केली.

बाईने टाचणी ट्रेमध्ये ठेवून दिली होती. दोन्ही हात मांडीवर घेऊन ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

“हो,” तो म्हणाला.

दिराचा चेहरा बायकोच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

क्रेनवाल्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. पेपर सोपा गेल्यासारखा तो गालातल्या गालात हसत होता.

“हो,” तो म्हणाला. थोडं थांबून, अगदी वेळेवर, पुन्हा म्हणाला, “हो.”