माप

बायकोने चालण्याचा क्लास लावल्यापासून टेलरमास्तरांच्या जिवाला चैन नव्हतं. डोक्यावर पुस्तक ठेवून, खांदे मागे घेऊन ती दुकानभर फिरायची आणि इकडे मास्तरांची शिवण वाकडी जायची. त्यात त्यांनीच शिवलेला तिचा गाऊन आता घोट्याच्या वर चढलेला. शेवटी टेप घेऊन ते तिच्यामागे उभे राहिले, तर खांद्याला टेप लावायला त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागलं.

"लग्नात एवढी उंच नव्हतीस तू!" ते कुरकुरले.

"एवढीच होते. फोटोवाला म्हणाला, 'वहिनी, जरा वाका, जोडा शोभला पाहिजे.'" पुस्तक न पाडता ती त्यांच्याकडे वळली. "फोटो निघाला. पण 'आता सरळ व्हा' असं कोणी म्हटलंच नाही."