ओलं फडकं

१९५४ सालची गोष्ट. तळेगावच्या अण्णाजींची मुलगी जयवंता सावळी होती. आर्वीचे पाहुणे तिला पाहायला येणार म्हणून देवकाआत्यानं महिनाभर तिच्या तोंडाला डाळीचं पीठ, आंबेहळद आणि साय चोळली. त्या सकाळी आत्यानं पावडरीचा डबा उघडला, तेव्हा मात्र जयवंतानं तिचा हात धरला.

"नको आत्या. मी आहो तशीच पाहू दे त्याइले."

पाहुण्यांचे पोहे झाले. मुलाची आई जयवंताकडे निरखून पाहत म्हणाली, "मोठ्या सुनेच्या वेळी आमी फसलो. पावडर लावून दाखवली होती आमाले." तिनं ओलं फडकं मागितलं आणि सगळ्यांसमोर जयवंताचा गाल खसाखसा पुसला.

फडकं स्वच्छच निघालं.

"पावडर नाई लावली," मुलाची आई म्हणाली, "पण रंग काळाच हाये."

अण्णाजींनी मान खाली घातली. जयवंताचा गाल चुरचुरत होता. तिनं ते फडकं शांतपणे मागून घेतलं आणि चार पावलं पुढं जाऊन समोर बसलेल्या नवरदेवाच्या गालावरून एकदाच फिरवलं. फडक्याला पांढरी पावडर लागली. गालावर तिच्याइतकाच सावळा पट्टा उघडा पडला.

मुलाच्या आईनं चाचरत विचारलं, "मंग... आता कसं म्हणता?"

 

जयवंता म्हणाली, "आमी इचार करून कळवतो."