दहाव्याचा शब्द

सकाळी नऊ वाजता चौलच्या तळ्याकाठी बाळाजींच्या दहाव्याचा पिंड ठेवला. साडेदहा झाले तरी कावळा शिवेना.

“बाबा, आईला मी सांभाळीन,” मुलगा रितेश हात जोडून म्हणाला. “वाडी विकणार नाही.”

कावळा फांदीवरून हलला नाही. भटजी घड्याळ बघू लागले, तेव्हा रितेशने सांगून टाकलं, “तुमच्या लव्हबर्डला जिवापाड जपेन.”

कावळा लगेच उतरून पिंडाला शिवला.

“बघ,” आवडाबाई मुलाला म्हणाल्या, “माझं नाव घेतलंस तेवा जागचा हलला न्हाय.”



कलकलाट नको म्हणून लव्हबर्डला रितेशने चौथ्याच दिवशी सोडून दिलं होतं. संध्याकाळचे सहा वाजले, रितेश अजून रिकामा पिंजरा घेऊन वाडीत हिंडतो आहे.